बावचीवरची लेकरं

वसुधा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तासाला निघाले होते. आम्ही दोघी नागपूरच्या एकाच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. तशीच रिक्षा करून तिचं घर गाठलं. दारात तिचे यजमान वामनराव उभे होते. गांधीबागेतले कापडाचे व्यापारी, मोठ्या आवाजाचे... त्या दिवशी नुसतं हातानंच मला आत बोलावलं.

वसुधा भारी चौकस. सत्तर सालाच्या आसपास तिनं मला संत्र्याच्या झाडावर लिंबाचं फुलपाखरू दाखवलं होतं. ती मादी पानावर पुढचे पाय टपटप आपटत होती. "पायानं चव घेऊन राहिली वं! पटली का अंडं घालते." लिंबू, संत्रं, बेल, कढीपत्ता, ही सारी एका कुळातली झाडं, तेव्हा तिथं अंडी असणारच. पण पुढं एकदा शहराबाहेर बेसा गावाच्या वाटेवर तिला तीच अंडी बावचीच्या रानटी रोपावर दिसली. बावची तर तुरीच्या कुळातली! त्यानंतर बाईंना चैन पडेना.

आमचे विभागप्रमुख हसले. "मादी चुकली असेल. चुकीवर काय संशोधन करता?" वसुधाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला म्हणाली, "चुकली असंन एखादी माय. पण पोरं जगली ना? मंग ती चूक कशी?" तिचं म्हणणं असं, की पायातली ही चव पिढ्यानपिढ्या बदलते, एका घराण्याच्या शाखा फुटाव्यात तशी, आणि एखाद्या शाखेला नवंच झाड आपलं वाटू लागतं. बावचीवर वाढलेली लेक आई झाली की बावचीवरच जाईल, अशी तिची खात्री होती. ते तिला सिद्ध करून दाखवायचं होतं.

मग स्वयंपाकघरात मच्छरदाणीच्या कापडाचा पिंजरा आला, त्यात बावचीवरची अंडी. वामनराव करवादायचे, "लोक कुत्रं पाळतात, हिनं अळ्या पाळल्या!" त्या अळ्या अर्ध्या वाढल्या असताना वसुधा झटक्यात गेली. मला वाटलं, पिंजरा आता अंगणात फेकला जाणार.

तेरवीला गेले तर पिंजरा जागेवरच, आत काड्यांना कोश चिकटलेले. सुतकात वामनराव रोज बावची तोडून आणत होते. "लेकरं उपाशी कशी ठेवू?" एवढंच म्हणाले. मला रडू आवरेना.

कोश फुटले, जोड्या जमल्या. परवा आम्ही पिंजऱ्यात बावचीची नि संत्र्याची कुंडी ठेवली. पहिल्या मादीनं बावचीवर पाय आपटले, उडाली, आणि अंडं संत्र्यावर घातलं. मला फार वाईट वाटलं. वसुधा असती तर दिवसभर जेवली नसती. वामनराव मात्र जाळीला नाक लावून बसले होते.

"एकच तर झाली," ते म्हणाले. "बाकीच्याइले येऊ द्या ना. अन् मले हे सांगा, तिनं एवढी पानं सोडून कोवळंच पान काहून धरलं?"