शिशाची पेटी

कोरेगाव भीमाला हायवेलगत त्यांचं भंगाराचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी शाळामास्तर, जाता-येता तिथं थांबायचो. कुठलाही माल ते आधी काठीनं उलटून बघत आणि बोलायला सुरुवात ‘बघा मास्तर’ अशीच करत. किरणोत्सर्गाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका संस्थेनं शिरूरला शिबिर घेतलं, तेव्हा भंगारवाल्यांपैकी एकटे तेच आले होते.

पुढं एका बंद कारखान्याच्या भंगारात शिशाची जड पेटी निघाली. तिच्यावर शिबिरात दाखवलेलं तीन पात्यांचं धोक्याचं चिन्ह होतं. चाचांनी गडी बाहेर काढले, पेटीभोवती लांबून दोर बांधला आणि मला पोलिसांना फोन करायला पाठवलं. मी परतलो तेव्हा ते भर उन्हात दोराशी उभे होते.

“तुम्ही घरी जा की चाचा.”

“बघा मास्तर, मी गेलो तर शिशाच्या लोभानं कुनीतरी उचलंल.”

पोलिसांनी कळवल्यावर किरणोत्सर्गाचे तपासणीवाले संध्याकाळी आले. पेटी रिकामी निघाली. जमलेले लोक हसले, “दिवस वाया गेला की चाचा!”

“रिकामी हाय, अजून काय पायजे?” म्हणत चाचा जमिनीवरच बसले. दिवसभर ते किती घाबरले होते, हे मला तेव्हा कळलं.