नदीकाठची निळी ताडपत्री

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ममाला नाही, बहिणीला तर नाहीच नाही — तिच्या पोटात काही राहत नाही. फादरलाही नाही. म्हणजे कन्फेशनला जाते मी, दर वर्षी लेंटच्या उपवासात जाते, गुडघे टेकते आणि म्हणते, फादर, मी मत्सर केला. कुणाचा, हे फादर विचारत नाहीत. मीही सांगत नाही. सांगितलेल्या प्रार्थना म्हणते आणि घरी येऊन मासे साफ करायला बसते. अर्धं सांगायचं आणि माफी मात्र पुरी घ्यायची — हे मला छान जमतं.

आज तुला पूर्ण सांगते. मध्येच अडखळले तर थांब जरा, पण मला थांबवू नकोस.

लग्नाआधीची गोष्ट. कंपनीने मला जपानला पाठवलं होतं. मोठं शहर नव्हतं, नदीकाठचं मध्यम गाव, आणि ऑफिसात मी एकटी भारतीय. बोरिवलीच्या गावठाणातली लीना जपानला चालली म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या होत्या. पप्पा तर चर्चबाहेर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. अंधेरीला क्लास लावून, रट्टा मारून मारून मी ती भाषा शिकले होते. तिथे तीन वर्षं काढली. भाजीवाल्याला माझं नाव माहीत नव्हतं. शेजारीण वाकून नमस्कार करायची आणि दार लावून घ्यायची. मी मनाला समजावलं, इथली माणसं अशीच असतात. लांबूनच.

मग केतकी आली. मुलुंडची, सव्वीस वर्षांची, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. आल्या दिवसापासून मला 'लीनाताई, लीनाताई' करत मागे-मागे. विमानतळावर मीच घ्यायला गेले होते तिला. गॅस कसा लावायचा, कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा, सगळं मी शिकवलं. आणि सहा महिन्यांत — फक्त सहा महिन्यांत गं! — ही पोरगी तिथली झाली. भाजीवाला तिला बाजूला ठेवलेल्या काकड्या द्यायचा. त्याच माझ्या शेजारणीने तिला घरात बसवून लोणचं घालायला शिकवलं. ती चुकीचं जपानी बोलायची, धडाधड बोलायची, स्वतःच हसायची, आणि समोरचे लोकही हसायचे. मी व्याकरणशुद्ध बोलायचे आणि समोरचा माणूस घड्याळ बघायचा.

म्हणजे लांबूनच वागणारी ती माणसं फक्त माझ्याशीच लांबून वागत होती. हे कळणं कसलं असतं, माहितीय तुला? पोटात दुखायचं माझ्या. अक्षरशः. ती ऑफिसात शिरली की सगळ्यांची तोंडं उजळायची. वरून मीही हसायचे. 'झकास दिसतेयस हं आज,' असं म्हणणारी मीच.

आमचे मोठे साहेब ओकुदा-सान. साठीचे, कमी बोलणारे. मला तीन वर्षांत त्यांनी कधी घरी बोलावलं नाही. केतकी त्यांच्या आईला चपात्या लाटायला शिकवून आली. त्यांच्या नव्वदीला टेकलेल्या आईला! म्हातारी व्हीलचेअरवर होती, पण पोळपाट मांडीवर घेऊन बसली म्हणे. केतकीने मला फोटो पाठवला. मी खाली लाल बदाम टाकला आणि फोन उशीखाली कोंबला.

आणि आणखी एक होतं. पुढच्या मार्चनंतर आमच्या दोघींपैकी एकीलाच तिथे ठेवणार होते. दुसरीने सामान बांधायचं. कोण राहणार हे कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. मलाही. केतकीने तर पुढच्या वर्षासाठी तिथल्या कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाचा अर्ज आणून ठेवला होता. रोज त्याच्याबद्दल बोलायची. तिच्या घरात परदेशी शिकलेलं कुणी नव्हतं.

ऑगस्टमध्ये तिथे नदीवर आतषबाजीचा उत्सव असतो. अख्खा जिल्हा लोटतो. आपल्या मे महिन्यासारखा घाम, आणि त्या घामात हजारो माणसं सुती किमोनो घालून — युकाता म्हणतात त्याला — शिस्तीत बसलेली. जागा सकाळीच धरायची. निळी प्लॅस्टिकची ताडपत्री अंथरायची, कोपरे टेपने चिकटवायचे, कागदावर नाव लिहून लावायचं आणि खुशाल घरी जायचं. संध्याकाळपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. राखण नाही, काही नाही.

आता आमच्या चर्चमध्ये सणाच्या मिस्साला बाकावर रुमाल टाकून जागा धर बघू. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी तो दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवेल, आणि तू परत आलीस तर तुलाच विचारेल, 'कुणाचाय हा?' तिथे तसं नाही. पहिल्या वर्षी मी ते बघून चाट पडले होते. पण म्हणून पुढे जे झालं ते आपल्या सवयीने झालं, असं मी म्हणणार नाही. सवय-बिवय काही नाही.

ऑफिसची जागा धरायचं काम सगळ्यात नव्या माणसाचं असतं. म्हणजे त्या वर्षी केतकीचं. ओकुदा-सान आईला घेऊन येणार होते. म्हातारीला एकदा तरी अगदी पुढून, पाण्यालगत बसून बघायचं होतं. पुढच्या वर्षाची खात्री कुणाला? त्यांनी केतकीला तेवढंच सांगितलं, पुढची जागा बघ. आणि ती पहाटे उठून गेली. आठ वाजता ग्रुपवर तिचा निरोप आला: झाली जागा, पुलापासून तिसरा दिवा, एकदम पाण्यालगत. फोटो नव्हता. कशाला काढेल फोटो? तिथे कोण हात लावतं?

तासाभराने दुसरा निरोप आला, फक्त मला. त्यात फोटो होता. निळ्या फुलांचा जुना युकाता. 'ताई, बघ ना, ओकुदा-सानच्या आईने स्वतःचा दिलाय मला! आज त्याच मला नेसवणार आहेत!!'

माझा युकाता मी दुकानातून आणला होता. मागची गाठ तयारच असते त्याला, नुसती खोचायची.

दुपारी दोनला मी नदीवर गेले. कशाला गेले? स्वतःला सांगितलं, सहज. आपण खोटं पहिल्यांदा स्वतःशीच बोलतो, नाही का? तिसऱ्या दिव्याखाली ताडपत्री होती, चारी कोपरे नीट चिकटवलेले, वर ऑफिसचं नाव लिहिलेलं, आणि बाजूला पेनने काढलेला छोटा कंदील. तिचं अक्षर तिथल्या माणसासारखं होतं. माझं अजून पहिलीतल्या पोरासारखं येतं.

मी वाकले आणि टेप सोलली. एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. गुंडाळी केली, पिशवीत कोंबली, नावाचा कागद पर्समध्ये टाकला.

तर हे असं. केलं मी.

शेजारच्या ताडपत्रीवर एक म्हातारा-म्हातारी बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं. म्हाताऱ्याने मान लववली, मीही लववली. ताडपत्री काढणारी बाई म्हणजे तिची मालकीणच असणार — दुसरं काही त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. मी पुलावर पोचेपर्यंत एका कुटुंबाने तिथे आपली ताडपत्री अंथरली होती. ते म्हातारा-म्हातारीही संध्याकाळी तिथे नव्हते, कुठे गेले कोण जाणे. नशीबसुद्धा त्या दिवशी माझ्या बाजूने होतं.

संध्याकाळी सहाला ऑफिसची पंधरा माणसं जमली. केतकी व्हीलचेअर ढकलत आली, निळ्या फुलांच्या युकात्यात. सुंदर दिसत होती. दिसत होती, काय करू? तिसऱ्या दिव्याखाली अनोळखी माणसं जेवत होती. ती आधी हसली, मग दुसऱ्या दिव्याकडे गेली, मग चौथ्या, मग पुलाच्या पलीकडे. परत आली तेव्हा चेहरा पांढराफटक. 'मी अंथरली होती, खरंच अंथरली होती,' जपानीत, मराठीत, पुन्हा जपानीत.

आणि आता नीट ऐक. मुंबई असती तर पहिलं तोंडातून काय आलं असतं? कुणीतरी उचलली. वाट लावली कुणीतरी. तिथे हे कुणाच्याही मनात आलं नाही. दुसऱ्याची ताडपत्री उचलणारा माणूस त्यांच्या जगात नव्हताच. मग उरलं काय? केतकी गेलीच नव्हती. झोपून राहिली आणि आठ वाजता थाप मारली. कुणी ओरडलं नाही. ओकुदा-साननी एकदाच, हळू आवाजात विचारलं, सकाळी आली होतीस ना नक्की? ती हो म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि आईची खुर्ची वळवली.

मी पुढे झाले. केतकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि साहेबांना माझ्या शुद्ध जपानीत म्हणाले, 'मी तिला ओळखते, ती मुद्दाम असं करणार नाही.' मुद्दाम. एवढा एक शब्द मी बरोबर निवडला. केतकी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

आम्ही पार मागे, झाडांच्या पलीकडे बसलो. म्हातारीला फक्त वरची वरची, आकाशात फुटणारी फुलं दिसली. पाण्यावर पसरणारी काही दिसली नाहीत. आणि मला? मला मजा आली गं. लाल, सोनेरी, एकावर एक... मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते. केतकी आल्यापासून पहिल्यांदा माझं पोट दुखत नव्हतं.

ताडपत्री मी घरी धुतली, वाळवली आणि गुरुवारी, प्लॅस्टिकच्या वारी, नियमाप्रमाणे कचऱ्यात ठेवली. कागद वेगळा, कागदाच्या वारी.

त्यानंतर ओकुदा-साननी केतकीला एकटीला एकही काम दिलं नाही. नेहमी कुणीतरी सोबत. युकाता तिने धुऊन-इस्त्री करून परत नेला, तर म्हातारीने तो ठेवून घेतला. मार्चमध्ये केतकी मुलुंडला परत आली. कॉलेजचा तो अर्ज तसाच राहिला. मी आणखी दोन वर्षं तिथे काढली. भाजीवाल्याला शेवटपर्यंत माझं नाव कळलं नाही.

आता आम्ही दोघी इथेच, ती मुलुंडला, मी बोरिवलीला. ती मला सोडत नाही. का सोडेल? त्या संध्याकाळी तिच्या बाजूने बोललेली मी एकटी! गेल्या महिन्यात रविवारी जेवायला आली होती. हल्ली ती घराला कुलूप लावलं की त्याचा फोटो काढते. गॅसच्या बटणांचा काढते. ऑफिसात मेल पाठवला की बाजूच्या मुलीला म्हणते, गेला ना गं, बघ ना. जेवता-जेवता तिने मला फोनमधले ते फोटो दाखवले, हसत हसत. कुलूपं, कुलूपं, कुलूपं.

मग म्हणाली, 'ताई, एक सांगू? मला आता वाटतं, मी अंथरलीच नव्हती बहुतेक. पहाटेची झोपेत होते, कुठेतरी भलतीकडेच अंथरली असेन, नाहीतर नुसतं स्वप्न. इतक्या माणसांना वाटलं म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार ना?'

तोंड उघडायला मला तेव्हा अख्खा रविवार होता. घरात तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, 'होतं गं असं कधीकधी. सोड ना आता.' आणि सांगूनच टाकते, मला बरं वाटलं. सुटल्यासारखं. तिला स्वतःलाच आठवत नसेल, तर मग झालंच काय?

ती हात धुवायला उठली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आता हे माहीत असलेलं माणूस मी एकटीच उरले आहे. म्हणून तुला सांगून ठेवते. केतकी झोपली नव्हती. थाप मारली नव्हती. पुलापासून तिसऱ्या दिव्याखाली, पाण्यालगत, तिने ताडपत्री अंथरली होती. नीट अंथरली होती. मी पाहिली आहे. मीच काढली.