तीन मिनिटांची घंटा

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काटेकाका घड्याळं दुरुस्त करतात. काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. दिवसभर घड्याळाच्या काट्यांशी खेळणारा माणूस म्हणून कुणीतरी ते नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की पोस्टमनही आता त्याच नावाने हाक मारतो. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि समोर केसाएवढ्या स्प्रिंगा. त्या कामात त्यांचा हात कधी हलत नाही. हलतो तो माणसांसमोर.

काका भित्रे आहेत. हे मी लपवत नाही, कारण ते स्वतःही लपवत नाहीत. वाटेत कुत्रं आडवं बसलेलं दिसलं तर पूर्ण गल्लीला वळसा घालून येतात. गिऱ्हाइकाने आवाज चढवला की चूक नसताना माफी मागून मोकळे होतात. काकू म्हणतात, "लग्नाला हो म्हणतानासुद्धा यांनी आधी माझ्या भावाच्या तोंडाकडे बघून घेतलं होतं."

असा माणूस आमच्या परिसर समितीत वेळ राखायला कसा बसला, तर अगदी साध्या कारणाने. समितीत नऊ जण आहेत, सगळे हौसेने काम करणारे, पगार ना भत्ता. अध्यक्ष म्हणजे सिस्टर. चाळीस वर्षं नर्सची नोकरी केली, अजूनही समोरच्याशी बोलताना त्याला ताप आहे का हे बघत असाव्यात असं वाटतं. महिन्यातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये सभा असते. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसतात. बोलायचं असेल त्याने दाराशी चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं. त्या चिठ्ठ्या मी गोळा करते. ज्या क्रमाने चिठ्ठ्या आल्या त्या क्रमाने बोलायचं, प्रत्येकाला तीन मिनिटं. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर ठराव मांडायचा आणि सभासदांनी हात वर करायचे. आठ वाजता शाळेचा शिपाई हॉलला कुलूप लावतो. त्यात राहिलं ते राहिलं. तर पहिल्याच सभेत सिस्टरांनी विचारलं होतं, "बरोबर चालणारं घड्याळ कुणाकडे आहे?" सगळ्यांच्या माना एकाच दिशेने वळल्या.

शाळेची एक जुनी पितळी घंटा होती, हातात धरून हलवायची. ती काकांच्या हाती आली. तीन मिनिटं झाली की काका ती एकदाच, हळूच हलवायचे, जणू कुणाची झोपमोड होईल. आणि गंमत म्हणजे सगळे थांबायचे. एवढ्या गरीब माणसाचं ऐकलं नाही तर आपणच वाईट ठरू असं प्रत्येकाला वाटत असावं. दोन वर्षं असं सुरळीत चाललं.

मग पालिकेचं पत्र आलं.

आमच्या घरांच्या मागे एक गोदाम आहे. त्यात थिनरची पिंपं असतात. वारा तिकडून आला की आम्ही खिडक्या लावून घेतो. गोदाम आणि घरं यांच्यामध्ये एक बोळ आहे आणि आगीचा बंब आत यायला तेवढीच वाट आहे. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते, एवढाच तो रुंद. गोदामाच्या शेठना त्या बोळावर पत्र्याची शेड घालायची होती. पालिकेने समितीचं मत मागितलं होतं. पत्राच्या तळाशी लिहिलं होतं, महिनाअखेरपर्यंत मत आलं नाही तर समितीची हरकत नाही असं समजण्यात येईल.

ते वाक्य सिस्टरांनी दोनदा वाचून दाखवलं. काका तेव्हा टेबलाच्या कडेला बसले होते. त्यांच्या घराची मागची खोली बोळावर उघडते. तिथे त्यांची आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून आहे.

त्या महिन्याच्या सभेला शेठ स्वतः आले. पहिली चिठ्ठी त्यांची. मला वाटलं होतं माणूस आरडाओरडा करील. पण त्यांचा आवाज मऊ, अगदी साखरेत घोळलेला. ते माइकसमोर उभे राहिलेच नाहीत. बाकांमधून फिरत बोलत होते. इस्त्रीवालीला म्हणाले, "ताई, तुमचा मुलगा सात चाळीसच्या बसने जातो ना? एकटाच असतो स्टॉपवर. काळजी घ्या." पिठाच्या गिरणीवाल्याला म्हणाले, "तुमच्या गिरणीमागची वायर फार जुनी झाली आहे, दादा. मी बघितली." प्रत्येकाजवळ थांबून ते असं काहीतरी आपुलकीचं बोलत होते आणि त्यांची पाठ वळली की तो माणूस आपल्या बुटांकडे बघत बसत होता. तीन मिनिटं झाली. पाच झाली. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी घंटा टेबलाखाली मांडीवर घेतली होती आणि तिचा लोलक मुठीत घट्ट धरला होता, चुकूनही वाजू नये म्हणून.

शेठ पन्नास मिनिटं बोलले. आठ वाजले, शिपायाने किल्ल्या वाजवल्या, ठराव मांडायचा राहिला.

"काका, घंटा?" सिस्टरांनी विचारलं.

"घड्याळ बंद पडलं," काका म्हणाले.

ही गोष्ट दुसऱ्या दिवशी दुधाच्या पिशव्यांबरोबर घरोघर पोचली. घड्याळजीचं घड्याळ बंद पडलं. न्हावी दुकानासमोरून जाताना थांबून म्हणाला, "काका, माझं घड्याळ तुमच्याकडे टाकू, की तुमचं घेऊन मीच कुठं दाखवून आणू?" काका हसले. मग दोन दिवस दुकान बंद होतं.

सिस्टर हटणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी महिना संपायच्या चार दिवस आधी खास सभा लावली. फळ्यावर सूचना लागली तशी भीती आमच्या जिन्यात राहायला आली. संध्याकाळी गोदामाचा मुकादम मोटारसायकल घेऊन गल्लीतून फिरायचा, कुठेच थांबायचा नाही, फक्त प्रत्येक दारापाशी वेग कमी करायचा. सभेच्या आदल्या दिवशी मात्र तो काकांच्या दुकानापाशी थांबला. मी जिन्यावर होते. पाय पुढे टाकावा की मागे, मला कळेना.

"मागच्या वेळी घड्याळ बंद पडलं होतं म्हणे," मुकादम म्हणाला.

काकांनी भिंग काढलं नाही. "हो."

"अशी जुनी घड्याळं परत परत बंद पडतात ना?"

"पडतात कधी कधी."

"मग उद्याही पडेल." त्याने काउंटरवरचा चिमटा उचलला, उजेडात धरून पाहिला आणि जागच्या जागी ठेवला. "आईंना कसं आहे आता? मागच्या खोलीत असतात ना त्या, खिडकीपाशी?"

मोटारसायकल गेल्यावर मी खाली आले. काका काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणाले, "वहिनी, मला त्यांची भीती वाटते. त्या पिंपांचीही वाटते. कुठली जास्त ते काल रात्रीपासून ठरवतोय. ठरत नाही."

आतून काकू म्हणाल्या, "ठरवू नका. उद्या मी तुमच्या मागच्या बाकावर बसते. घाबरायचं तर दोघांनी घाबरू." त्यांचाही आवाज नेहमीसारखा नव्हता.

सभेच्या दिवशी माझ्याकडे चौदा चिठ्ठ्या आल्या. पहिली पुन्हा शेठची. मग मुकादम येऊन माझ्या टेबलाला टेकून उभा राहिला. तो बोलला काहीच नाही, फक्त एकेक चिठ्ठी बोटाने फिरवून नाव वाचत होता. थोड्या वेळाने गिरणीवाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, माझी चिठ्ठी परत देता? घरी पाहुणे आलेत." त्याच्यामागून न्हावी. मग आणखी तिघे. कुणाला पाहुणे, कुणाची डोकेदुखी. माझ्या हाताला घाम सुटला होता, चिठ्ठ्यांची शाई बोटांना लागत होती. नऊ उरल्या.

नऊ सभासदांपैकी दोघे आलेच नाहीत.

साडेसातला शेठ उठले. तोच मऊ आवाज, तेच फिरणं. मी काकांच्या हातातल्या घड्याळाकडे बघत होते. मागच्या बाकावर काकू पदराचं टोक पिळत होत्या. अडीच मिनिटं झाली तेव्हा काकांनी घंटेला हात लावला, काढला, पुन्हा लावला. मला मनातून वाटलं, नका वाजवू. खरं सांगते, मला तेच वाटलं. पिंपांचं काय व्हायचं ते होऊ दे, पण ह्या माणसाला आज नीट घरी जाऊ दे.

तीन मिनिटं झाली आणि काकांनी घंटा उचलली. एकदा हलवून खाली ठेवायची होती त्यांना. पण हात इतका कापत होता की ती थांबेचना. घंटा थरथरत, कर्कश, एकसारखी वाजत राहिली. काका दुसऱ्या हाताने ती धरायला गेले तर तो हातही कापत होता. शेठचं बोलणं त्यात बुडालं. ते थांबले, टेबलापाशी आले आणि हसून हात पुढे केला.

"द्या इकडे, काका. दमलात."

काकांनी घंटा देऊन टाकली. शेठनी ती उलटी करून टेबलावर ठेवली आणि पुन्हा बोलायला तोंड उघडलं.

"साडेतीन मिनिटं," काका म्हणाले.

आवाज इतका बारीक की मागच्या बाकांना ऐकू गेला नसेल. शेठनी त्यांच्याकडे पाहिलं.

"पावणेचार." काका घड्याळावरून डोळे वर करत नव्हते. "चार."

"चार मिनिटं झाली," सिस्टर म्हणाल्या आणि माझ्याकडे हात केला. "पुढची चिठ्ठी."

पुढची चिठ्ठी इस्त्रीवालीची होती. मी नाव वाचलं. इस्त्रीवाली उठली. शेठ तिच्यापासून दोन हातांवर उभे होते. ती खाली बघून म्हणाली, "मला काही बोलायचं नाही. मत घ्या." आणि बसली.

मी पुढचं नाव वाचलं. "मलाही नाही. मत घ्या." त्याच्या पुढचं. "मत घ्या." शब्द तेवढेच, कुणाची मान वर नाही. आठ माणसांनी मिळून दोन मिनिटंही घेतली नाहीत. पावणेआठला ठराव मांडला गेला, शेडला समितीची हरकत आहे. सिस्टरांनी हात वर करायला सांगितलं. वर काय, कोपरातून मुडपून कानापर्यंत आलेले हात ते. एक, दोन, तीन. मग चौथा. शेठ मोजत होते, प्रत्येक हाताकडे नीट बघून. काकांचा सहावा. त्या हातात घड्याळ होतं आणि त्याचा पट्टा हलत होता. विरुद्ध एक. ठराव झाला.

जाताना शेठ काकांपाशी थांबले. "घड्याळ दुरुस्त झालं वाटतं," एवढंच म्हणाले आणि गेले.

आम्ही दहा-बाराजण काकांना मध्ये घेऊन निघालो. कुणी शाबासकी दिली नाही, कुणी हसलं नाही. ज्याचं दार आलं तो आत गेला आणि कडीचा आवाज आला. आमच्या जिन्याशी पोचलो तेव्हा तिघंच उरलो होतो. काका आधी आईच्या खोलीत गेले, खिडकी लावली, आणि मग नळापाशी जाऊन ओकले.

पालिकेने शेडचा अर्ज थांबवून ठेवला आहे. नामंजूर नाही, थांबवला. पुढचे दिवस काहीच झालं नाही, आणि ते काहीच न होणं फार जड होतं. मोटारसायकलचा आवाज आला की काकांच्या हातातली स्प्रिंग उडायची. चाळीस वर्षांत जी कधी उडाली नव्हती. मग ते जमिनीवर गुडघे टेकून शोधत बसायचे. आईची खाट त्यांनी खिडकीपासून दूर, पुढच्या खोलीत आणली. एका सकाळी दुकानाची काच फुटलेली मिळाली. आतलं काही गेलं नव्हतं. काकांनी काचा गोळा केल्या, तिथे पुठ्ठा लावला. काकूंनी पोलिसांत जायचं का विचारलं तर म्हणाले, "आणि सांगायचं काय? काच फुटली एवढंच."

पुढच्या सभेला सिस्टरांनी विचारलं, वेळ राखायला दुसरं कुणी तयार आहे का. काकांनी फार आशेने सगळीकडे पाहिलं. कुणी बोललं नाही. ते उठले, खुर्ची भिंतीला टेकवून लावली, पाठीमागे कुणी येऊ नये अशी, आणि बसले.

त्या दिवशी पहिली चिठ्ठी मुकादमाची होती. वाचताना माझी जीभ अडखळली. तो माइकपाशी आला, खिशातून कागद काढला आणि सांगू लागला की त्याच्या खोलीसमोरचं गटार दोन आठवडे तुंबलंय, घाण पाणी उंबऱ्याशी येतं, बायकोला दिवस गेलेत, ती दोनदा घसरली. तो खरोखरच गटाराबद्दल बोलायला आला होता. मध्येच तो काकांच्या घड्याळाकडे बघायचा. तीन मिनिटांना काकांनी घंटा हलवली, ती पुन्हा हवी त्यापेक्षा जास्त वाजली. मुकादम वाक्य अर्धं टाकून थांबला.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," काका म्हणाले. मग घसा साफ करून, "गटाराचं लिहून घेतलंय."

गटार त्याच आठवड्यात साफ करायचं ठरलं. मुकादम मागे जाऊन दारापाशी उभा राहिला आणि सभा संपेपर्यंत तिथून हलला नाही. काकाही हलले नाहीत. सगळे उठल्यावर काकूंनी मागून येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर ते इतके दचकले की खुर्ची भिंतीवर आपटली.