रातवाचं घर कुठं?

छापखान्यात काही वर्षं काढली की नखातली शाई निघते, किस्से निघत नाहीत. परवा कुणीतरी रातवाचं नाव काढलं आणि माझं जेवणात लक्ष लागेना.

सोलापुरात इंग्रजांनी लावलेला मार्शल लॉ उठून काही वर्षं झाली होती. आमच्या साप्ताहिकात रातवाची चित्रकथा यायची. रातवा म्हणजे तोंडाला काळा रुमाल बांधून एका हातानं मोटारी उचलणारा, गिरणीच्या चिमणीवर एका उडीत चढणारा बहाद्दर! लिहायचा आमचा गुरप्पा. चित्रांचे ब्लॉक लावणं आणि प्रुफं तपासणं माझ्याकडे. तात्या मालकही आणि संपादकही, त्यामुळे ओरडायला त्यांना कुणाची परवानगी लागत नसे.

*

पहिल्या अंकात रातवा किल्ल्याच्या खंदकाजवळ भुयारात राहायचा. थोड्याच आठवड्यांत तो घराच्या खिडकीतून थेट तीन मजले खाली उडी मारून बाहेर पडला. साखर पेठेतला एक विणकर अंक घेऊन आला आणि भुयाराला खिडकी कुठून आली म्हणून विचारू लागला. तात्यांनी अंक पाहिला, चष्मा पुसला आणि ठामपणे सांगितलं, "वर माडी चढवली."

*

खरी गोष्ट अशी, की गुरप्पाच खोल्या बदलायचा. एका जागी त्याचा जीव रमत नसे. शेजारचे माग खडखडतात, मालक पहाटे भजन करतो, खिडकीतून नुसती भिंत दिसते, काहीतरी निघायचंच. आणि तो हलला की रातवाही हलायचा, कारण गुरप्पा स्वतः राहील तेच घर लिहायचा. एकदा तर त्यानं अर्धी गोष्ट लिहून झाल्यावर बिऱ्हाड हलवलं. त्या अंकात रातवा चौकातल्या घराच्या पुढल्या दारानं आत शिरला आणि मागल्या दारानं तळ्याकाठी निघाला!

*

आम्ही हसायचो, पण गुरप्पाचं हसू आटत चाललं होतं. लग्न झाल्यापासून त्याची बायको, नीलव्वा, होटगीला माहेरीच होती. सासरे रेल्वेत. जावयानं एक धड घर करावं, मग मुलगी पाठवू, असं त्यांनी बजावलं होतं. जावयाच्या शब्दावर त्यांचा भरवसा नव्हता. जावई राहतो तिथंच रातवा राहतो हे त्यांना कळलं होतं, म्हणून ते आमचा अंक मागवून रातवा कुठं राहतो ते बघत. हे कळल्यापासून गुरप्पा हातात टाक धरून नुसत्या येरझाऱ्या घालायचा. त्याला पाहून मलाही बसवत नसे.

*

आमचा टपालवाला रातवाचा मोठा भक्त. एक दिवस तो वैतागून म्हणाला, "ह्याला पत्र आलं तर टाकू कुटं?"

तात्यांना ते फार लागलं. त्यांनी तिथल्या तिथं फर्मावलं, की यापुढे रातवाचं घर हलणार नाही. गुरप्पानं मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी नवी खोली बघायला गेला.

*

पुढच्या अंकाच्या वेळी घराचा ब्लॉकच सापडेना. मशीन खोळंबलेलं, तात्या दारात उभे. मी खणात हात घातला आणि लुगड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीतला एक ब्लॉक लावून टाकला. त्यात अंगण होतं, आड होता, ओसरीवर झोपाळा होता. तात्यांना बरं वाटावं म्हणून खाली ओळ टाकली, 'रातवाचे कायमचे घर'.

अंक निघाला आणि होटगीच्या गाडीनं नीलव्वा ट्रंक घेऊन थेट छापखान्यात हजर. मागे वळकटी घेतलेले सासरे. तिनं अंक टेबलावर ठेवला आणि चित्रावर बोट टेकवलं.

"हे घर दावा की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरप्पानं एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता तो काहीतरी रचणार. रचण्यात तो पटाईत होता. पण त्यानं मान खाली घातली.

"असं घर न्हाय. बाळीवेशीत एक खोली हाय. दोगं मावत न्हाईत."

सासऱ्यांनी परत न्यायला ट्रंकेला हात घातला. तोवर नीलव्वा ट्रंकेवर बसली होती.

"अप्पा, तुमी गाडी गाठा," ती म्हणाली. मग त्यांच्याकडून वळकटी घेऊन काखेत मारली, उठून ट्रंकेची एक कडी धरली आणि गुरप्पाकडे वळली.

"मावंल तितं जाऊ. एक कडी तुमी धरा."