फुगडीनं बसवलेली जमीन

भाट्याच्या मथुरेचा नवरा लवू गलबतावर तांडेल होता. चौतीस सालच्या मार्गशीर्षात तो मुंबईहून आला तो दोनशे लाद्या घेऊन. गिरगावातल्या कुठल्याशा नव्या इमारतीच्या उरलेल्या, हिरव्या-तांबड्या फुलांच्या. वाडीत तोवर एकाही घरात लादी नव्हती. बायका एकेक लादी मांडीवर घेऊन तान्ह्या पोरासारखी कुरवाळत बसल्या.

"देवापुढं घालू," सासू सावित्री म्हणाली.

"नाय, आत्याबाय. चुलीपुढं. माझा जलम तिथंच जातो."

लवू आत्माराम गवंड्याला घेऊन आला. आत्मारामनं आयुष्यभर विहिरी बांधलेल्या. लादी त्यालाही नवीच. पण तसं कबूल करील तर तो गवंडी कसला! सारवलेल्या जमिनीवर चुना पसरून तो थेट लादी टेकवायला निघाला.

"थांबा, आत्मारामदादा." मथुरेनं कोपऱ्यात टाच आपटली. थप्प. मग मधोमध आपटली. ढब्ब! "ऐकलंत? खाली घुशीनं पोखरलंय. चवदा वर्सं उभी हाय मी हितं."

आत्मारामनं हसत पहार मारली. पहार हातभर आत गेली आणि तिच्यामागोमाग तोही नाकावर आपटता आपटता वाचला.

मग सगळं स्वयंपाकघर हातभर खणलं. चूल अंगणात आली. खाली जांभ्याच्या कपच्या, वर मुरूम, त्यावर पाणी, आणि चोपणी सुरू. दुसऱ्या दिवशी मथुरेच्या तळहातांना फोड आले, लवूच्या हातातलं चोपणं मोडलं, तरी जमीन पावलाखाली दबतच होती. मथुरा अंगणात जाऊन ओरडली, "गोदा! काशी! तुळसा! फुगडी घालायला या गो!"

"आज कसला सण?"

"लादीचा!"

चौदा बायका पदर खोचून आत शिरल्या. हातात हात, पायाला पाय, आणि ओल्या मुरमावर जी गिरकी सुरू झाली, ती थांबेचना. चिखल गुडघ्यापर्यंत, हसू पोटात मावेना. तुळसा भिंतीवर जाऊन आपटली नि तशीच परत आली. "घर पाडाल गो, भवान्यांनो!" म्हणत सावित्री दारात आली, तर काशीनं तिचीच मनगटं धरली. साठीची सासू अशी काही फिरली, की आत्माराम पाण्याची घागर घेऊन नुसता बघतच राहिला.

तिसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा पहार मारली. ठण्ण! पहार उलटी उसळली. मथुरेनं तांब्याभर पाणी ओतलं. कुठं डबकं नाही, थेंब नाही. पाणी सरळ मोरीकडं निघालं.

"ह्या जमिनीवर आता हत्ती उभा करा," आत्माराम म्हणाला आणि चुना कालवायला बसला.

पुढं कुणाकडं लादी यायची ठरली, की आत्माराम आधी मथुरेला निरोप धाडी. एकदा राजापूरच्या एका व्यापाऱ्याकडं दोन बैलगाड्या भरून बायका गेल्या. व्यापाऱ्याची बायको तोंडाला पदर लावून उंबऱ्यावर बसली होती. अर्ध्या तासात ती मधोमध उभी, नथ मुठीत, अंबाडा सुटलेला, धापा टाकत नवऱ्याला सांगत होती, "अहो, माजघरही खणायला सांगा!"