पुढचं आठवत नाय

रोह्याच्या माझ्या मैत्रिणीइतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. ती कंपनीत टायपिस्ट, मी पेणला पापडाचा धंदा सांभाळणारी. दोघींनाही कथा लिहायचं वेड. रविवारी पॅसेंजरने कधी ती यायची, कधी मी जायचे. नियम तिनेच केलेला: एकीने कथा वाचायची आणि पुढच्या रविवारी दुसरीने ती कागद न बघता सांगायची. जे आठवणार नाही ते कापायचं. या नियमापायी माझी किती सुंदर वर्णनं गेली, काय सांगू! रागाच्या भरात तिच्याकडचा चहासुद्धा न पिता परत आलेय मी.

त्या वर्षी पहिल्यांदाच एका दिवाळी अंकाने माझी कथा मागितली. भरतीने फोडलेला मिठागराचा बांध एकटीने बुजवणाऱ्या बाईची कथा. ती आदल्याच रविवारी मैत्रिणीला वाचून दाखवली होती. सोमवारी टपालात पडली नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. शेवटचा हात फिरवायला रविवारी रोह्याला गेले, तर तिच्या दारात पोचल्यावर कळलं, पिशवी गाडीतच राहिली. दोघी धावत स्टेशनवर गेलो. गाडी उलटी फिरून निघूनही गेली होती. कथा गेली, वर तिच्यासाठी आणलेले पापडही गेले. दुसरी प्रत नव्हती. इतकी वर्षं ‘साभार परत’ झेलल्यावर हे! मी फलाटावरच बसले आणि ढसाढसा रडले.

तिने मला हाताला धरून घरी आणलं, कोरे कागद पुढ्यात टाकले आणि म्हणाली, “लिही. मी सांगते.”

आणि पहिल्या वाक्यापासून ती सांगत गेली. तिच्या तोंडून त्या बाईचं बोलणं माझ्या लिहिण्याहून खरं वाटत होतं. ती अडली की मी, मी अडले की ती. तिचा नवरा बिचारा मुकाट्याने कुकर लावून गेला. दुपार उलटता उलटता आम्ही शेवटाला आलो. बांध बुजतो, बाई चिखलाचे हात धुते आणि भाकरीचं फडकं सोडते. तिथे मैत्रीण थांबली.

“पुढचं आठवत नाय.”

मी भडकलेच. पुढे माझं जीव ओतून लिहिलेलं अर्धं पान होतं! पण नियम म्हणजे नियम. फणफणत मी कथा भाकरीवर संपवली आणि सोमवारी टपालात टाकली.

कथा छापून आली. पत्रं आली, आणि सगळ्यांनी शेवटाचंच कौतुक केलं! पुढे त्याच कथेच्या नावाने माझा संग्रह निघाला आणि पेणला वाचनालयात सत्कार झाला. हॉल गच्च भरलेला. मी ऐटीत पिशवीची हकीकत सांगितली आणि मैत्रीण शेवट कशी विसरली तेही सांगितलं. तशी ती पहिल्या रांगेतून उठली, माईक घेतला आणि हात जोडून सुरू झाली, “आयुष्य हेही एक मिठागरच नव्हे काय? अश्रू आटल्यावाचून का जगण्याला चव येते?”

माझं तेच कापलेलं अर्धं पान, शब्द न् शब्द. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली.

“म्हणजे तुला सगळं आठवत होतं?” मी विचारलं.

“व्हय गो,” ती म्हणाली. “पण हे छापून येऊ द्यायला मी काय तुझी वैरीण हाय?”