चपलांच्या दुकानात

‘मूल बिथरलं की लालूच दाखवू नका, शांत बसून राहा,’ असं आईबापांना रोज बजावणाऱ्या थेरपिस्टबाईंचा जीव त्या शनिवारी टांगणीला लागला होता. त्यांची नऊ वर्षांची स्वमग्न लेक चपलांच्या दुकानात, दोन कपाटांमध्ये फरशीवर आडवी पडून, कानांवर हात दाबून किंचाळत होती. वरच्या पंख्याच्या घरघरीने ती बिथरली, हे बाईंना कळत होतं. पण लोक थबकून बघायला लागले आणि बाईंना काही सुचेना.

“ऊठ गं राणी, चॉकलेट देते. दोन देते!”

“मॅडम, लालूच नको. तुम्हीच सांगितलंय ना?”

वळून बघतात तो काय, आपल्या मुलाला त्यांच्याकडे थेरपीला आणणारी एक आई उभी! बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या आईने दुकानदाराला पंखा बंद करायला लावला आणि सरळ फरशीवर बसकण मारली. “बसा हो. मीही घरी बिस्किटं देतेच. तुम्हाला सांगायची भीती वाटायची.”

बाई बसल्या खऱ्या, पण नजर सारखी लेकीवरून लोकांकडे, लोकांवरून दाराकडे. वीस मिनिटांनी लेक उठली ती अनवाणीच रस्त्याकडे निघाली.

“तुमची पिशवी मी आणते, तुम्ही पळा!”

बाई धावल्या. दारातच लेकीचं मनगट हाती लागलं.

सोमवारी त्याच आईला त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, “घरी काय काय जमत नाही, ते सांगाल?”